अलास्काच्या रानात, आपल्या हातांवर: कितपत जमतं?

निबिड

रिचर्ड प्रेनेकी या माणसाबद्दल मिळेल ते वाचायचा सपाटा गेले काही महिने लावलाय. त्यातून जे प्रश्न पडले ते इथे मांडतो, कारण आपल्यातले बरेच जण उत्तरेकडे राहतात आणि थंडी म्हणजे काय ते अंगानं जाणतात.

प्रेनेकी १९१६ साली अमेरिकेतल्या आयोवात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात नौदलात सुतार होता. पुढे अलास्कात कोडियाकला डिझेल मेकॅनिक आणि अवजड यंत्रांचा चालक. पन्नाशी गाठली तेव्हा नोकरी सोडली. १९६७ च्या उन्हाळ्यात ट्विन लेक्स नावाच्या जोडतळ्यांपैकी वरच्या तळ्याकाठी त्यानं स्प्रूसची (थंड प्रदेशातली सूचिपर्णी) झाडं पाडली, साल काढून ओंडके रचून ठेवले आणि घरी गेला. १९६८ च्या मे महिन्यात परत आला. जवळच्या एका मित्राच्या रिकाम्या केबिनमध्ये मुक्काम करून त्यानं स्वतःची केबिन उभी केली, ती फक्त हातहत्यारांनी. आतून साधारण ११ फूट बाय १५ फूट.

मला यातली कारागिरी फार भावली. बऱ्याच हत्यारांची त्यानं फक्त पाती नेली, दांडे तिथल्या लाकडातून घडवले, कारण विमानात वजन महाग. दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या, कडी लाकडाची, आणि दार आडवं दोन भागांत कापलेलं, म्हणजे वरचा भाग उघडून बाहेरचं अस्वल बघता येतं. चूल-धुराडं तळ्याकाठच्या दगडांचं. इंधनाचे रिकामे पत्र्याचे डबे कापून त्यानं तवे, वाडगे, डबे बनवले. छतावर शेवाळ अंथरलं. तिथे थंडीत पारा उणे ४० च्याही खाली जातो आणि तळं कित्येक महिने गोठलेलं असतं. हा माणूस तिथे, मधूनमधून घरी जाऊन येत, १९९८ पर्यंत राहिला. निघाला तेव्हा वय ८२. आज त्याची केबिन लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जपून ठेवली आहे.

आता प्रश्न. त्याच्याकडे बेब ऑल्सवर्थ नावाचा वैमानिक तरंगत्या पायांचं विमान घेऊन यायचा. पीठ, साखर, घेवडा, ओट्स, टपाल, सगळं त्या विमानातून. मग याला स्वयंपूर्ण म्हणायचं का? आणि त्याहून महत्त्वाचं: आज, आपल्यासारख्या माणसाला, असं राहणं शक्य आहे का? स्वप्नरंजन म्हणून विचारत नाहीये. पंचेचाळिशी उलटली आहे, सुतारकाम येतं, बायकोलाही यात रस आहे. खरी माहिती हवी आहे.

देवकण

त्या केबिनचे फोटो मीही तासन्‌तास बघितलेत. ओंडक्यांच्या कोपऱ्यांतल्या खाचा बघा, कागदसुद्धा जाणार नाही अशा बसवल्यात. दुसऱ्या माणसाच्या मदतीशिवाय तो वजनदार आढा वर कसा चढवला असेल, हा विचार केला की हात जोडावेसे वाटतात.

अरोरा_६५

अलास्कात फेअरबँक्सला विद्यापीठात शिकत होते तेव्हा काही हिवाळे ‘ड्राय केबिन’मध्ये काढले. ड्राय म्हणजे नळ नाही, संडास बाहेर. फेअरबँक्सच्या आसपास विद्यार्थीच काय, नोकरदार माणसंही सर्रास अशी राहतात. पाणी गावातल्या पाणीकेंद्रावरून पाच-पाच गॅलनच्या कॅनमध्ये भरून आणायचं, अंघोळ विद्यापीठात. वीज होती, रस्ता होता, त्यामुळे मी रानात राहिले असं मुळीच म्हणणार नाही. पण उणे ४० ला काय काय बदलतं ते सांगू शकते.

आधी लाकूड. तिकडे लाकूड ‘कॉर्ड’मध्ये मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब अशी रचलेली थप्पी. एका हिवाळ्याला अशा अनेक थप्प्या जाळायला लागतात, किती ते केबिनच्या आकारावर आणि भिंतींवर. बर्चच्या एका थप्पीतून स्प्रूसपेक्षा साधारण तीस टक्के जास्त उष्णता मिळते. पण ओलं बर्च फोडून वर्षभर वाळवावं लागतं. ओंडका न फोडता ठेवला तर ती सुंदर पांढरी साल पाणी आत कोंडून ठेवते आणि लाकूड कुजतं. उभं वाळलेलं स्प्रूस मात्र पाडलं की जवळजवळ लगेच जाळता येतं, म्हणून नवखा माणूस पहिल्या वर्षी त्यावरच निभावतो. पहिलं वर्ष जवळजवळ सगळ्यांनाच सरपणाचा अंदाज कमी पडतो. जानेवारीत कमरेएवढ्या बर्फातून सरपण ओढून आणणं हे जीवघेणं काम आहे. घाम आला की कपडे ओले, आणि ओले कपडे म्हणजे हिमदंश.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे आगीची भीती. रात्री चूल दडपून मंद ठेवली, लाकूड जरा ओलं असलं, की धुराड्यात काजळीचा डांबरासारखा थर बसतो. एखाद्या दिवशी तोच पेट घेतो. उणे ४० ला छप्पर जळालं तर थंडीनं मरायला फार वेळ लागत नाही. म्हणून रानात राहणारी जाणती माणसं मुख्य केबिनपासून लांब एक छोटी झोपडी किंवा निदान तंबू, पांघरूण, काडेपेटी आणि खाणं वेगळं ठेवतात.

वीज: डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास फेअरबँक्सला दिवस पावणेचार तासांचाही नसतो, आणि सूर्य क्षितिजाला चिकटून सरकतो. सौर पॅनेलचा उपयोग शून्य म्हटलं तरी चालेल. मार्चमध्ये मात्र पॅनेल उभं लावलं तर बर्फावरून परावर्तित झालेला प्रकाशही मिळतो आणि झकास चालतं. बॅटऱ्यांचं दुखणं वेगळं. साधी शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर मोठी थंडी सोसते, उतरली की थोड्याशा थंडीतही गोठून फुटते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटवाली शून्याखाली चार्ज केली तर खराब होते, म्हणजे तिला घरात उबेला ठेवायची.

आणि बाहेरच्या संडासाला बसायला निळ्या फोमचा जाड तक्ता कापून लावतात. तो थंड लागतच नाही. अलास्कातला सगळ्यात उपयोगी शोध तो असं माझं प्रामाणिक मत आहे.

हर्णैकर

अरोराताई, फार छान लिहिलंत. वाचताना आमच्याकडची आगोट आठवली. मे महिन्यात सरपण मांगरात, सुकी मासळी, कोकम, मीठ, तांदूळ, सगळी पावसाळ्याची बेगमी भरून ठेवायची. पण आमचा पाऊस चार महिन्यांचा, आणि अगदीच अडलं तर चिखल तुडवून बाजारात जाता येतं. यांना किती महिन्यांची बेगमी करावी लागते? आणि मीठ कुठून आणतात?

अरोरा_६५

थंडी साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. पण सगळ्यात अवघड काळ कडाक्याच्या थंडीचा नसतो. हिवाळ्यात नद्या गोठल्या की त्याच रस्ते होतात, स्नोमोबाईल किंवा कुत्र्यांची घसरगाडी घेऊन जाता येतं, स्कीवालं विमान तळ्यावर उतरतं. अडकायला होतं ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी गोठत असताना आणि एप्रिल-मे मध्ये बर्फ फुटत असताना. तेव्हा बर्फ माणसाचं वजन पेलत नाही आणि होडीही चालत नाही. विमानाला तरंगते पाय लावावेत तर पाणी नाही, स्की लावावी तर भरवसा नाही. प्रत्येक वेळी काही आठवडे तुम्ही जिथे आहात तिथेच. हात मोडला, अपेंडिक्स दुखलं, तरी तिथेच. टनाना नदीवर नेनाना गावी बर्फ कधी फुटणार यावर १९१७ पासून दरवर्षी पैजा लागतात, इतका तो क्षण तिथल्या जगण्यात महत्त्वाचा.

मीठ विकतचंच.

पथ्यपाणी

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून खाण्याचं लिहिते. ‘शिकार करून खाऊ’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी हिशेब मांडावा.

एक मोठा मूस (हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी) मारला तर साधारण सव्वादोनशे किलो मांस मिळतं. ऐकायला डोंगराएवढं वाटतं. पण रानातलं मांस कमालीचं कमी चरबीचं असतं. कच्च्या मांसात शंभर ग्रॅमला जेमतेम शंभर कॅलरी. म्हणजे सगळं मिळून सव्वादोन लाख. थंडीत लाकूड फोडणाऱ्या, बर्फातून चालणाऱ्या माणसाला दिवसाला साडेतीन हजार तरी लागतात. एक मूस एका माणसाला दोन महिने पुरला. नवरा-बायको असाल तर महिना.

आणि नुसतं बिनचरबीचं मांस खाऊन माणूस जगतच नाही. यकृत ठरावीक मर्यादेपलीकडे प्रथिनं हाताळू शकत नाही. काही दिवसांत मळमळ, जुलाब, अशक्तपणा, आणि पोट भरलेलं असूनही न शमणारी भूक. उत्तरेकडचे लोक याला सशाची उपासमार म्हणतात, कारण हिवाळ्याच्या शेवटी फक्त ससेच हाताला लागतात आणि सशाच्या अंगावर चरबी नसते. आर्क्टिकमध्ये वर्षानुवर्षं राहिलेला विल्यालमुर स्टेफान्सन १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात देखरेखीखाली मांसाहाराच्या प्रयोगाला बसला. त्याला सुरुवातीला मुद्दाम बिनचरबीचं मांस दिलं तेव्हा तो दोन-तीन दिवसांत आजारी पडला आणि चरबी सुरू केल्यावर सुधारला. म्हणून तिकडे अस्वलाची चरबी, सॅमन माशाचं तेल, सीलची चरबी यांना मांसापेक्षा जास्त मोल. प्रेनेकीच्या विमानातून येणारं पीठ आणि घेवडा हीच त्याची खरी ऊर्जा होती.

क जीवनसत्त्वाची काळजी मात्र फार नको. रानगुलाबाची फळं, स्प्रूसच्या कोवळ्या शेंड्यांचा काढा, फार न शिजवलेलं काळीज-यकृत यांतून ते मिळतं. ध्रुवीय अस्वलाचं यकृत मात्र चुकूनही खायचं नाही, त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की विषबाधा होते.

ओबडधोबड

पथ्यपाणी, यात साठवणीचा मुद्दा जोडतो. १९९२ साली अलास्कात डेनाली पर्वताच्या उत्तरेला एका सोडून दिलेल्या बसमध्ये क्रिस्टोफर मॅककँडलेस हा तरुण वारला, ते बऱ्याच जणांना ठाऊक असेल. जूनमध्ये त्यानं मूस मारला होता. पण उन्हाळ्यात त्या मांसाचं करायचं काय? धुरी द्यायचा प्रयत्न केला, माश्या बसल्या, अळ्या पडल्या, आणि ते टाकून द्यावं लागलं. तिथले जुने लोक मूसची शिकार सप्टेंबरमध्ये करतात, जेव्हा प्राणी धष्टपुष्ट असतो, माश्या संपत आलेल्या असतात आणि लवकरच सगळं आपोआप गोठणार असतं. पातळ पट्ट्या कापून वाळवणं हे कौशल्य बंदूक चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. ती बस लोकांना इतकी खेचायची की तिथे जाताना टेक्लानिका नदीत २०१० आणि २०१९ मध्ये दोघी तरुणी बुडाल्या. शेवटी जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरनं बस उचलून नेली.

या मुलाला मूर्ख म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. तो सगळ्या उन्हाळ्याभर एकटा तगला. त्याला शिकवणारं कुणी शेजारी नव्हतं, एवढीच खरी उणीव.

टायगा

निबिड, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सैबेरियात सापडतं. बाहेरून काहीच आलं नाही तर काय होतं, याचं बहुधा सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे लिकोव्ह कुटुंब.

हे ‘जुन्या श्रद्धेचे’ लोक. सतराव्या शतकात रशियन चर्चमध्ये ज्या सुधारणा झाल्या त्या न मानणारे. १९३६ साली कार्प लिकोव्हच्या भावाला सरकारी गस्तीच्या माणसांनी गोळी घातली. कार्पनं बायको अकुलिना, मुलगा साविन आणि छोटी नतालिया यांना घेतलं आणि तैगात, म्हणजे सैबेरियातल्या सूचिपर्णी रानात, शिरला. बियाणं घेतलं, चरखा घेतला. वर सरकत सरकत ते खकासियात अबाकान नदीच्या खोऱ्यात, जवळच्या वस्तीपासून २४० किलोमीटरवर जाऊन राहिले. दिमित्री आणि अगाफ्या ही मुलं रानातच जन्मली. १९७८ साली भूगर्भशास्त्रज्ञांच्या हेलिकॉप्टरला डोंगरउतारावर मशागत केलेली जमीन दिसली, तोपर्यंत या दोघांनी घराबाहेरचा माणूस पाहिलाच नव्हता. दुसरं महायुद्ध होऊन गेलं हेही त्यांच्या गावी नव्हतं.

आता हे बघा. त्यांच्याकडे दोन धातूची भांडी होती. वर्षानुवर्षं वापरून ती गंजली, झिजली. मग बर्चच्या सालीची भांडी केली. पण सालीचं भांडं विस्तवावर ठेवता येत नाही, म्हणजे शिजवणं मुश्कील झालं. एक साधं लोखंडी भांडं गेलं आणि सगळा स्वयंपाक बदलला. बटाटा, राई (गव्हासारखं एक धान्य) आणि भांगेच्या रोपाचं बी, एवढ्यावर जगायचे. कपडे त्याच रोपाच्या धाग्यांचे. बंदूक नव्हती. दिमित्री मोठा झाल्यावर खड्डे खणून आणि प्राण्याला दमेपर्यंत पाठलाग करून शिकार करायला शिकला, तोही कित्येकदा बर्फात अनवाणी.

१९६१ च्या जूनमध्ये बर्फ पडला. परसातलं सगळं गेलं. त्यांनी चामड्याचे जोडे खाल्ले, झाडाची साल खाल्ली. अकुलिनानं आपल्या तोंडचा घास मुलांना दिला आणि ती भुकेनं गेली. पुढे राईचा एकच कोंब उगवला. त्याभोवती कुंपण घालून सगळ्यांनी रात्रंदिवस राखण केली, उंदीर-खारी येऊ नयेत म्हणून. त्या एका कणसातून १८ दाणे मिळाले आणि त्या १८ दाण्यांतून त्यांनी राईचं पीक पुन्हा उभं केलं.

भूगर्भशास्त्रज्ञांकडून त्यांनी सुरुवातीला एकच वस्तू घेतली, ती म्हणजे मीठ. चाळीस वर्षं बिनमिठाचं खाणं किती कठीण गेलं ते कार्प नंतर सांगायचा.

१९८१ मध्ये साविन, नतालिया आणि दिमित्री थोड्या थोड्या अंतरानं वारले. १९८८ साली कार्प गेला. अगाफ्या अजून तिथेच राहते. पण आता तिला स्वयंसेवक सामान पोचवतात, अभयारण्याची माणसं चौकशी करतात, दुखणं आलं तर हेलिकॉप्टर येतं. तिनं एकटीनं राहायचं ठरवलं म्हणून किती माणसं राबतात बघा. मला यात काही वावगं वाटत नाही, उलट ते फार चांगलं वाटतं.

देवकण

१८ दाण्यांपाशी थांबले. पुढचं वाचायला बराच वेळ लागला.

सातबारा

जमिनीचं आणि कायद्याचं लिहितो. माझा पेशाच तो आहे आणि यावर बरेच गैरसमज आहेत.

‘अलास्कात सरकार फुकट जमीन देतं’ हे विसरा. अमेरिकेचा होमस्टेड कायदा १८६२ चा. जमिनीवर राहा, कसा, घर बांधा, मग ती तुमची. अलास्काला तो १८९८ मध्ये लागू झाला. १९७६ मध्ये संसदेनं तो रद्द केला आणि अलास्कापुरती १९८६ पर्यंत मुदत दिली. या कायद्याखाली शेवटचा मालकीहक्क मिळवणारा माणूस केन डीअरडॉर्फ. त्यानं स्टोनी नदीकाठी ८० एकर जमिनीवर वस्ती केली होती आणि कागद हातात पडला १९८८ साली. तिथे तो धडा संपला.

आज अलास्का राज्य दुर्गम भागातली जमीन विकतं. त्यातल्या एका योजनेत ठरवून दिलेल्या पट्ट्यात आपण जाऊन खुंट्या ठोकायच्या, २० एकरांपर्यंत. मग मोजणी होते आणि बाजारभावानं पैसे भरायचे. पण त्यासाठी वर्षभर तरी अलास्काचं रहिवासी असावं लागतं. खाजगी विक्रीची जमीनही असते. केंद्र सरकारच्या जमिनीवर गुपचूप झोपडी बांधली तर ती अतिक्रमणच, आणि ती पाडली जाते. ट्विन लेक्सचा परिसर १९७८ मध्ये राष्ट्रीय स्मारक आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, त्यामुळे आज कुणी उठून प्रेनेकीसारखं तिथे केबिन बांधायचं म्हटलं तर ते होणार नाही.

शिकारीचं त्याहून कडक. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला निर्वाहापुरत्या शिकारीचे हक्क नाहीत. अमेरिकेचा नागरिक नसलेल्या अनिवासी माणसाला तर कुठलाही मोठा प्राणी मारायचा तर परवानाधारक मार्गदर्शक सोबत हवाच. रहिवासी व्हायला सलग १२ महिने तिथे वास्तव्य लागतं. आणि मारलेल्या प्राण्याचं खाण्यालायक मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे. हा नियम मला फार आवडतो.

निबिड, तुम्ही सध्या कुठल्या देशात आणि कुठल्या व्हिसावर आहात यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे.

निबिड

सातबारा, आम्ही दोघं मिनेसोटात आहोत आणि नागरिक झालोय. म्हणजे निदान ती अडचण नाही. खूप उपयोगी प्रतिसाद, सगळ्यांचेच.

युकॉनकाठ

मी कॅनडात, व्हाइटहॉर्सला असतो. धागा वाचतोय तेव्हापासून एक गोष्ट सारखी टोचतेय, ती सांगतो.

आपण सगळे याला ‘निर्मनुष्य रान’ म्हणतोय. ट्विन लेक्स आणि लेक क्लार्कचा प्रदेश देनाइना लोकांचा आहे. अलास्कात युकॉन नदीच्या वरच्या अंगाला ग्विचिन, त्याखाली कोयुकॉन. हजारो वर्षं हे लोक तिथे राहतायत, आणि आपण ज्याला स्वयंपूर्ण जगणं म्हणतो ते त्यांनी खरोखर जगून दाखवलंय, तेही लोखंडी भांड्यांच्या आधी. फक्त त्यातला एकही माणूस एकटा राहत नव्हता. उन्हाळ्यात नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर, शरद ऋतूत मूस आणि कॅरिबू (रेनडिअर) यांच्या वाटेवर, हिवाळ्यात आडोशाला, असं कुटुंबंच्या कुटुंबं हलायची. एकाला मूस मिळाला की तो सगळ्यांत वाटला जायचा, आजही वाटला जातो. माझ्या शेजारच्या आजींकडे दर सप्टेंबरात कुणी ना कुणी मांस आणून देतं. त्यांनी स्वतः बंदूक उचलून कित्येक वर्षं झाली असतील. पथ्यपाणींनी केलेला एका मूसचा हिशेब वाटून घेतल्यावरच जुळतो, कारण वर्षभरात दहा घरांपैकी कुणाला तरी काहीतरी मिळतंच.

अलास्कात १९७१ च्या कायद्यानं तिथल्या मूळ रहिवाशांना ४.४ कोटी एकर जमीन आणि सुमारे ९६ कोटी डॉलर मिळाले आणि बाकीच्या प्रदेशावरचे त्यांचे हक्क संपवले. त्यामुळे ‘कुणाचीच नाही’ अशी जमीन तेव्हाही नव्हती.

दुसरं, मासे. बेरिंग समुद्रातून चिनूक सॅमन युकॉन नदीनं तीन हजार किलोमीटरच्या आसपास वर पोहत आमच्या गावापर्यंत येतो. येतो म्हणायचं, कारण आता फारच थोडे येतात. धरणाशेजारी माशांना चढायला लाकडी जिना बांधलाय, तिथे काचेतून बघायला मी मुलीला नेतो. पूर्वी लोक जिथे मासे मोजून थकायचे तिथे आता एक दिसला तरी कर्मचाऱ्यांचे चेहरे उजळतात. तापलेलं पाणी, समुद्रातले बदल, रोग, तिथली मासेमारी, कारणं अनेक. २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी मिळून सात वर्षं चिनूक पकडायचा नाही असं ठरवलं. सात वर्षं म्हणजे या माशाची साधारण एक पिढी. आमच्याकडच्या कित्येक मूळ रहिवासी समाजांनी तर त्याच्या आधीच आपणहून जाळी गुंडाळून ठेवली होती. मासेमारीचे तळ ओस पडलेत. मुलांना मासा कापायला शिकवायचा तर आजीच्या हातात मासाच नाही. चम ही सॅमनची दुसरी जातही घटल्यामुळे घसरगाडीच्या कुत्र्यांना काय घालायचं हा प्रश्न झालाय.

निबिड, तुम्ही मनापासून विचारताय हे दिसतंय, म्हणून स्पष्ट लिहितो. तिकडे जाणार असाल तर रान शोधण्याआधी गाव शोधा. तुम्ही ज्या नदीतून मासा काढाल त्या नदीवर आधीपासून कोण जगतंय ते बघा आणि त्यांच्या ओळखीनं, त्यांच्या पद्धतीनं जा.

निबिड

युकॉनकाठ, हा प्रतिसाद प्रिंट काढून बायकोला वाचायला दिला. सॅमनवर बंदी आहे हे कानावर होतं, पण त्याचा अर्थ काय हे आज कळलं. आम्ही ज्या यादीत ‘मासे: भरपूर’ लिहिलं होतं ती यादी नव्यानं करतोय.

हर्णैकर

मासा गेला की गाव कसं होतं ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. युकॉनकाठ, लिहीत राहा.

ओबडधोबड

शेतीचं कुणी बोललं नाही. उत्तरेकडे उन्हाळा छोटा, पण दिवस प्रचंड लांब. अँकरेजच्या उत्तरेला मातानुस्का खोऱ्यात पामर नावाचं गाव आहे, तिथल्या जत्रेत २०१२ साली ६२.७१ किलोचा कोबी आला होता. जागतिक विक्रम. कोबी, बटाटा, गाजर, सलगम यांना ते ऊन मानवतं. टोमॅटो-मिरचीला काचघर हवं.

पण त्याच पामरची दुसरी बाजूही आहे. १९३५ मध्ये, मंदीच्या काळात, सरकारनं मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि मिशिगनमधल्या २०३ कुटुंबांना तिथे नेऊन वसवलं. चिठ्ठ्या काढून साधारण ४० एकरांचे तुकडे दिले, घरं दिली, कर्ज दिलं, डॉक्टर-शाळा दिली. तीही थंडीत वाढलेली शेतकरी माणसं. तरी १९४० पर्यंत निम्म्याहून जास्त कुटुंबं निघून गेली. जमीन पिकत होती, पण माल विकायला बाजार लांब आणि हंगाम छोटा. जे टिकले त्यांनी पामर उभं केलं.

आणि केबिनखालची जमीन तपासा. पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली माती असेल, तर घर उबदार ठेवलं की खालची जमीन वितळते आणि घर तिरकं होत खचतं. फेअरबँक्सच्या बाजूला अशी वाकडी घरं दिसतात. काळे, खुरटे, इकडेतिकडे झुकलेले स्प्रूस दिसले तर तिथे घर बांधायचं नाही. दक्षिणेकडे उतार असलेल्या, बर्च आणि अ‍ॅस्पेन वाढलेल्या जागी माती बहुधा मोकळी असते. धान्य-मांसाची कोठी चार उंच खांबांवर, आणि खांबांना गुळगुळीत पत्रा गुंडाळलेला, म्हणजे अस्वल आणि वुल्वरीन (मुंगसाच्या धाटणीचा दांडगा मांसाहारी प्राणी) चढू शकत नाहीत.

पथ्यपाणी

दोघं जाताय हे वाचून बरं वाटलं, पण दोघांपैकी एक आजारी पडलं तर दुसऱ्यानं काय करायचं ते आधी लिहून ठेवा. दात तपासून, दुरुस्त करून जा. चष्म्याच्या दोन जोड्या. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिचाही साठा विमानावर अवलंबून आहे. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आता सहज मिळतं, ते घ्याच. कुणी म्हणेल की यानं रानाची मजा जाते. जाऊ दे.

अरोरा_६५

त्यावरून आठवलं. फेअरबँक्सजवळ नॉर्थ पोल नावाच्या गावात केजेएनपी हे रेडिओ केंद्र आहे. त्यावर ‘ट्रॅपलाइन चॅटर’ नावाचा कार्यक्रम लागतो. दूर रानातल्या माणसांसाठी घरच्यांचे निरोप वाचून दाखवतात. अमुक नदीवरच्या अमुकला: तुझं सामान पुढच्या आठवड्यात विमानानं येतंय. तमुकला: मुलगी झाली, दोघी खुशाल. मी चुलीशेजारी बसून ते ऐकायचे. माझ्यासाठी कुणाचाच निरोप नसायचा, पण कुठेतरी शंभर मैलांवर कुणीतरी कंदिलाशेजारी कान लावून बसलंय आणि आत्ता त्याला कळलंय की तो बाप झाला, हे ऐकून माझीही संध्याकाळ भरून जायची.

निबिड

आता नेमकं विचारतो. आम्ही लगेच जमीन घेणार नाही, एवढं नक्की झालं. आधी एक हिवाळा फेअरबँक्सजवळ ड्राय केबिन भाड्यानं घेऊन राहावं असा विचार आहे, म्हणजे १२ महिन्यांचं वास्तव्यही सुरू होईल. कोणत्या महिन्यात यावं? आणि वीज-रस्ता नसलेल्या ठिकाणी थोडे दिवस राहून बघायची काही सोय आहे का?

अरोरा_६५

ऑगस्टच्या सुरुवातीला या. ब्लूबेरी पिकलेल्या असतात, लाकूड फोडायला दीड-दोन महिने मिळतात, आणि अंधार हळूहळू वाढत जातो तसं शरीर सरावतं. थेट डिसेंबरात उतरू नका. केबिन बघताना घरमालकाला धुराडं शेवटचं कधी साफ केलं ते विचारा, आणि पुढचा दरवाजा थेट खोलीत उघडतो की मध्ये छोटी पडवी आहे ते बघा. पडवी नसेल तर दर वेळी दार उघडलं की सगळी ऊब बाहेर जाते.

राहून बघायचं तर फेअरबँक्सच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्समध्ये सरकारी केबिन आहेत, आगाऊ नोंदणी करून थोडक्या भाड्यात मिळतात. आत लाकडाची चूल, झोपायचे फळ्यांचे कट्टे, बाकी काही नाही. हिवाळ्यात स्कीवर किंवा स्नोमोबाईलवरून जायचं. मार्चमध्ये जा, तेव्हा दिवस मोठा असतो आणि बर्फ घट्ट. सरपण आपलं आपण जमवायचं, पाणी बर्फ वितळवून. निघताना पुढच्या माणसासाठी फोडलेलं लाकूड आणि थोडी वाळलेली काटकी चुलीशेजारी ठेवायची, ही तिकडची रीत आहे.

युकॉनकाठ

आणि मार्चच्या आधी फेअरबँक्सला आलात की जवळच्या गावातल्या कुणाकडे तरी सरपण फोडायला जा, पैसे न घेता. सुतारकाम येतं म्हणालात, तर स्मोकहाउसची, म्हणजे मासे-मांसाला धुरी द्यायच्या झोपडीची, दारं दुरुस्त करायची कुणाकडेही पडलेली असतात. मला निरोप टाका, दोन ओळखी देतो.

निबिड

निरोप टाकलाय.